७१ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचे मूळ अवयव पाडायचेत, सॉफ्टवेअर सुचवा

कृष्णाकाठ (सांगली): नमस्कार मंडळी, भाची बारावी सायन्सला आहे, कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिने ओळीने ७१ वेळा १ लिहून होणारी संख्या घेतलीय आणि तिचे मूळ अवयव चार्टवर मांडायचेत. पायथनमध्ये २ पासून एकेका संख्येने भागत जायचा लूप लिहिला, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला तरी काही हाती लागलं नाही. लॅपटॉप साधा, ८ जीबी रॅमचा. फुकटातलं चांगलं काय आहे?

अजिंक्यतारा (सातारा): तो लूप आधी बंद करायला सांगा. या संख्येला दोनच मूळ अवयव आहेत, धाकटा ३० आकडी आणि थोरला ४१ आकडी. सेकंदाला शंभर कोटी भागाकार केले तरी धाकट्यापर्यंत पोचायला साडेसात लाख कोटी वर्षं लागतील. ७१ मूळ असल्याने अवयव १४२ च्या पटीपेक्षा एकने जास्तच असणार, म्हणून बाकीचे सगळे गाळता येतात, पण तरीही पाच हजार कोटी वर्षं उरतातच. १९८४ साली अमेरिकेत सँडिया लॅबच्या लोकांनी क्रे सुपरकॉम्प्युटरवर हे अवयव काढले तेव्हा ती मोठी बातमी होती.

आता याफू हे अवयव पाडायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, क्वाड्रॅटिक सीव्ह नावाची वर्गांवर चालणारी रीत वापरतं, साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत काम होतं. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर आल्पर्ट्रॉनची अवयव काढून देणारी साइट ब्राउझरमध्येच चालते, जरा हळू.

कृष्णाकाठ: दादा, बटण दाबलं की उत्तर आलं, मग परीक्षकांनी विचारलं तर ती काय सांगणार? आतलं तिला कळायला पाहिजे.

अजिंक्यतारा: बरोबर, म्हणून ८०५१ हातानं करायला लावा. ९० चा वर्ग ८१००, त्यातून ७ चा वर्ग ४९ वजा केला की ८०५१. म्हणजे (९० − ७) × (९० + ७), झाले अवयव ८३ आणि ९७. सीव्ह हेच करतं, फक्त दोन वर्गांच्या वजाबाकीला आपल्या संख्येने भाग गेला तरी चालतं, मग ज्यांचे वर्ग घेतले त्यांच्या वजाबाकीचा आणि आपल्या संख्येचा मसावि काढायचा. असे वर्ग शोधून काढणं हीच खरी मेहनत. बारावीच्या पोरीला हे नक्की जमतं.

मिरज_जंक्शन: मी म्हणेन भाचीनं एकदम ७१ वर उडी मारू नये, चार्टवर छोट्या संख्यांचा जिना दाखवावा. सहा एक घ्या, १११ × १००१ होतात, म्हणजे ३, ३७, ७, ११, १३ तोंडीच निघतात. लांबी संयुक्त असली की असे तुकडे आपोआप पडतात. लांबी मूळ असली की मजा सुरू, ११ एक म्हणजे २१६४९ × ५१३२३९, १७ एक म्हणजे २०७१७२३ × ५३६३२२२३५७, आणि १९ आणि २३ एकांच्या संख्या मात्र स्वतःच मूळ! बघणाऱ्याला इथंच खरी गोडी लागते.

आणि कापरेकरांना विसरू नका हो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर याच एकांच्या संख्यांवर रमायचे, नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, अशांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं, तेव्हाच्या डेम्लो म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनवरून. आपल्या माणसाचं काम चार्टवर सगळ्यात वर पाहिजे.

अजिंक्यतारा: +१. अजून एक, संख्या मूळ आहे का हे तपासणं आणि अवयव काढणं ही दोन वेगळी कामं, हे ठळक लिहायला सांगा. २ चा ६७ वा घात वजा १ ही मूळ नाही हे फ्रेंच गणितज्ञ ल्युकासनं १८७६ लाच दाखवलं होतं, अवयव १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ मिळाले ते अमेरिकन गणितज्ञ कोलला, १९०३ मध्ये. तपासणीचं काम झटपट आणि खात्रीनं होऊ शकतं हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी सिद्ध केलं. अवयव काढायला तसा रस्ता नेहमीच्या कॉम्प्युटरसाठी अजून कोणाला सापडलेला नाही, म्हणून तर इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारं आरएसए कुलूप टिकून आहे.

कृष्णाकाठ: लई आभार दोघांचे. याफू आज रात्रीच टाकतो. ८०५१ तिला पाठवलंय, वहीत करतीय.

अजिंक्यतारा: उत्तर आलं की दोन्ही अवयवांचा गुणाकार पायथनमध्ये करून बघा, ७१ एक आले की चार्ट छापायला द्या.