शेतवस्तीवर राहणाऱ्याला बंदुकीचा परवाना सहज मिळावा का?

गोदाकाठचा (गेवराई)

आमच्या शेजारच्या वस्तीवर मागच्या पंधरवड्यात चोरटे आले. रात्री दोनचा सुमार. आधी आजूबाजूच्या घरांच्या कड्या बाहेरून लावून घेतल्या आणि मग लोखंडी टॉमीने (पहारीने) दार उचकटलं. म्हातारीच्या कानातली फुलं निघेनात म्हणून हिसडा मारून ओढली, कानाची पाळी फाटली. म्हातारा मध्ये पडला तर त्याच्या हातावर गज घातला. शेजारी आत कोंडलेले, ओरडण्यापलीकडे त्यांना काही करता येईना. 112 ला फोन लागला, गाडीही निघाली. पण डांबरी संपली की पुढे काळ्या मातीची वाट, त्यात पाऊस. गाडी पोचली तेव्हा घरात फक्त रडारड होती.

दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारे आणि शाळेतली पोरं राहतात. हे चोरट्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 13 वाचा. संरक्षणासाठी किमान 20 इंच नळीची साधी बंदूक, म्हणजे बारा बोअर, मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा असं त्यात सरळ लिहिलंय. मी पिस्तूल मागत नाही. कमरेला लावून बाजारात फिरायचं नाही. घरातली माणसं वाचवायला घरात राहणारी बंदूक मागतोय. पोलीस तासाभराने येणार असतील तर त्या तासाभरात आम्ही काय करायचं, हे विरोध करणाऱ्यांनी सांगावं.

कळंबची लेक

दादा, त्या माउलीचं वाचून जीव कळवळला. तरीही मी विरोधात आहे.

आमच्याकडे मोटारीला लाईट रात्रीची असते तेव्हा सासरे आणि धाकटे दीर गव्हाला पाणी द्यायला जातात. दोन वाजता, तीन वाजता, कधीही परत येतात. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात गमबूट, हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. लाईट गेलेली असली की दार वाजवणारा कोण हे आवाज आल्याशिवाय मलाही कळत नाही. आजूबाजूला चार चोऱ्या झालेल्या, घरातला माणूस आधीच घाबरलेला, उशाला भरलेली बंदूक. अशा वेळी पहिली गोळी कोणाला लागेल? मला त्या अंधाराची चोरापेक्षा जास्त भीती वाटते.

अंबाजोगाईचा वकील

कायदा काय म्हणतो ते आधी स्पष्ट असू द्या, कारण पारावर दोन्ही टोकाच्या गोष्टी ऐकायला मिळतात: “चोर मेला तर आपल्यालाच फाशी” आणि “घरात घुसला तर बिनधास्त उडवा”. दोन्ही चूक.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाची. कलम 41 प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणी घर फोडून आत शिरत असेल, जबरी चोरी करत असेल, राहत्या घराला आग लावत असेल, किंवा चोरी अशा रीतीने चालली असेल की आता जीव जाईल नाहीतर गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी, तर बचाव करताना समोरचा मेला तरी तो गुन्हा ठरत नाही. मात्र कलम 37 ची अट त्याच्या डोक्यावर आहेच: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही.

गाडं अडतं ते इथे. चोर दार फोडून आत आला, कोयता उगारला, तुम्ही गोळी झाडली: कायदा तुमच्या बाजूने. तोच चोर पेटी घेऊन बांध ओलांडून पळत सुटला आणि तुम्ही पाठीत गोळी घातली: आता घर फोडण्याचा प्रसंग संपला. पेटी परत मिळवायला त्याला अडवू शकता, त्याचा जीव घेऊ शकत नाही. शवविच्छेदनात गोळी पाठीतून शिरली की पोटातून हे पहिल्यांदा बघतात.

सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (2010) या निकालात सांगितलंय की जिवावर बेतलेल्या माणसाने त्या क्षणी बळ तोलूनमापून वापरावं अशी अपेक्षा धरता येत नाही. तिथेही गोळीच चालली होती आणि आरोपी सुटला. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हेही ध्यानात ठेवा. गोळी चालली की चौकशी लागणार, बंदूक जप्त होऊन प्रयोगशाळेत जाणार, आणि खटला उभा राहिला तर स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे तुमची.

गोदाकाठचे भाऊ, कलम 13 बरोबर वाचलंत. त्याला लागून कलम 14 आहे: सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी जिल्हाधिकारी परवाना नाकारू शकतात.

माजलगावकर

गेवराईकर, तुम्ही आपल्याच जिल्ह्याचे, तुम्हाला वेगळं काय सांगायचं! डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि मग राज्याला कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत. नंतर प्रशासनाने शंभरावर रद्द केले. ते बाराशे कोण होते? वस्तीवरच्या किती म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा नंबर लागला त्यात? ज्यांच्या दारात आधीच चार पोरं आणि दोन गाड्या उभ्या असतात, कंबरेचं पिस्तूल दिसावं म्हणून जे शर्ट वर करून बसतात, वरातीत हवेत बार काढतात, परवाने त्यांच्याकडे होते. 2019 च्या दुरुस्तीने असा बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली, तरी व्हिडिओ येतातच.

नियम ढिला करा म्हणालात की पहिल्या रांगेत हीच मंडळी उभी राहणार. तुमचा अर्ज तलाठ्याच्या दाखल्यावर अडकेल आणि त्यांचा एका फोनवर सुटेल. बीडमध्ये नवी बंदूक नको म्हणजे नको.

किनवटकर

माझ्याकडं बारा बोअर हाय, आजोबाच्या नावची, नंतर बापाच्या, आता माझ्या. म्हणून सांगायलो. आमच्या भागात रानडुकरं हायत, जंगल हाय, वस्त्या लांब. घरात बंदूक हाय हे पंचक्रोशीला माहीत हाय, आणि आमच्या आखाड्यावर (शेतातल्या घरी) आजवर कोणी फिरकलं नाही. गोळी झाडायची पाळी आली नाही, हाच तिचा उपयोग.

पण परवाना मागणाऱ्यानं हेही ऐकावं. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या पेटीत, किल्ल्या दोन जागी. घरात नातवंडं हायत, दुसरा मार्ग नाही. रात्री कपाट उघडून, नळी बिजागरीवर खाली वाकवून, दोन काडतुसं घालून बंद करायला हात थरथरत नसेल तरी वेळ लागतो. पावसाळ्यात जुनी काडतुसं फुगतात, नळीत बसत नाहीत, तर बसवायला ठोकू नयेत, बाजूला काढावीत. नळीला तेल, आतून चिंधी फिरवणं, हे दर महिन्याचं काम. लोकसभा आली की ठाण्यात जमा कर, विधानसभा आली की जमा कर, जिल्हा परिषद आली की परत जमा. त्या महिन्यांत आपण बिनबंदुकीचेच.

तरी मी म्हणतो, जबाबदार माणसाला मिळावी.

कळंबची लेक

काका, पंचक्रोशीला माहीत आहे म्हणून कोणी फिरकत नाही हे तुम्ही घरी असताना. सगळे लग्नाला गेलात तर त्याच बंदुकीसाठी घर फुटेल, आणि मग ती कोणाच्या हातात जाईल?

पालावरचा

इथे सगळे घराच्या आतून बोलताहेत. मी बाहेरून बोलतो. मी पारधी समाजाचा, केज तालुक्यात राहतो, शिकलोय, नोकरी करतो.

इंग्रजांनी 1871 ला कायदा करून आमच्यासारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी आमच्या पालावर येते. माझे वडील आजही अंधार पडल्यावर दुसऱ्याच्या शिवारातून चालताना मोठ्याने बोलत चालतात, म्हणजे कोणाला वाटू नये की लपून चाललाय.

2024 च्या पावसाळ्यात जालना, बीड, संभाजीनगरकडे रात्री ड्रोन फिरताहेत अशी चर्चा होती, आठवते ना? गावागावात काठ्या घेऊन गस्त सुरू झाली. मोटरसायकल अडव, नाव विचार, जात विचार. त्या रात्री मी कामावरून येताना मला दोनदा अडवलं. हातात काठ्या होत्या म्हणून माझी ओळख पटेपर्यंत मी जिवंत होतो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. तिथे एकही बंदूक नव्हती.

वकीलसाहेब, कायद्यात ‘रास्त भीती’ हा शब्द आहे म्हणालात. माझ्या कपड्यांकडे, माझ्या रंगाकडे बघून वाटणारी भीती रास्त की नाही, हे गोळी लागल्यावर ठरणार असेल तर मला तो न्याय नको.

अंबाजोगाईचा वकील

तुमचा प्रश्न कोर्टातही असाच विचारला पाहिजे. भीती खरी वाटली एवढं पुरत नाही. त्या परिस्थितीत ती वाटण्याला आधार लागतो: तुटलेलं दार, उगारलेलं हत्यार, अंगावर आलेला माणूस. शिवारातून चाललेला माणूस हा आधार होऊ शकत नाही. पण निकालाने मेलेला परत येत नाही, हे तुमचं म्हणणं मला खोडता येणार नाही.

गोदाकाठचा (गेवराई)

पालावरचे भाऊ, तुम्ही लिहिलेलं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. गस्तीच्या हातात बंदूक द्या असं मी कधीच म्हणणार नाही. रस्त्यावर, बांधावर, शिवारात कुठेच नको. माझं म्हणणं उंबऱ्याच्या आतलं आहे.

आणि माजलगावकर, बीडमध्ये परवाने चुकीच्या लोकांना गेले हे खरं. त्याची शिक्षा वस्तीवरच्या म्हातारीला का? ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांचे काढून घ्या, आमचे अर्ज तपासा. शिकवणीचं प्रमाणपत्र मागा, घरात कपाट आहे का बघायला माणूस पाठवा. आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्या. महिनोन्‌महिने चकरा मारायला लावू नका.

अंबाजोगाईचा वकील

लेखी कारण मागायचा तुमचा हक्क कलम 14 मध्येच आहे, आणि नकारावर 30 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

कळंबची लेक

आमच्या वस्तीवर आम्ही लोखंडी जाळीचं दुसरं दार बसवलं आणि छपरावर भोंगा. कळ आतून दाबता येते, त्यामुळे बाहेरून कडी लावली तरी आवाज गावापर्यंत जातो. तिन्ही घरांचे भोंगे एकमेकांना जोडून घेतलेत. एका बंदुकीच्या खर्चात सगळ्या वस्तीचं काम झालं.

दादा, एकच विचारते. तुम्ही रात्री पाण्यावर गेलात की घरात वहिनी आणि लेकरं. चोर तीच वेळ बघून येणार. कपाटाची किल्ली कोणाकडे?

गोदाकाठचा (गेवराई)

बायकोकडे. तिला चालवायला शिकवणार. भोंगाही बसवतो, पण भोंगा ऐकून कोणी येईपर्यंत दाराच्या आत तीच असणार ना?

अंबाजोगाईचा वकील

परवाना तुमच्या नावावर असेल तर तुमच्या माघारी बंदूक वहिनींच्या ताब्यात राहणं त्या परवान्यात बसत नाही. त्यांच्या नावाने वेगळा अर्ज करा. वय 21 पूर्ण पाहिजे, शिकवणीचं प्रमाणपत्र त्यांचंही लागेल.

गोदाकाठचा (गेवराई)

मग अर्ज तिच्याच नावाने करतो. घरात तीच असते.