मदत हवी आहे: दारू सोडल्यानंतरची साधना, आणि माळ घालावी का?

नमस्कार मंडळी. आयडी नवीन घेतलाय, कारण उघड आहे.

दारू सुटून वर्ष होत आलंय. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगा आणि डॉक्टरांच्या गोळ्या दोन्ही चालू आहेत. त्यामुळे 'केंद्रात दाखल व्हा' हा सल्ला नको, तो टप्पा झाला.

एएच्या अकराव्या पायरीत प्रार्थना आणि ध्यान सांगितलंय. ईश्वर ज्याला जसा समजेल तसा, म्हणजे देव न मानणाराही त्यात बसतो. मीटिंगमध्ये हे सगळं पटतं. घरी तिन्हीसांजेला डोळे मिटून बसलो की मात्र श्वास राहतो बाजूला आणि बारमधलं नेहमीचं टेबल दिसायला लागतं. शेंगदाण्यांवर चिरलेला कांदा, पिळलेलं लिंबू, ग्लासाला बाहेरून सुटलेला घाम. तोंडाला अक्षरशः पाणी सुटतं. मग उठून गॅलरीत फेऱ्या. सकाळी असं होत नाही, पण सकाळी डबा, बस, ऑफिस, वेळ कुठे असतो?

आता खरं विचारायचंय ते. वडील माळकरी. गाव फलटणजवळ, माउलींच्या पालखीच्या वाटेवर. ते म्हणतात, आषाढीला पंढरपुरात माळ घाल, विषयच मिटेल. माळ घातली त्या दिवसापासून थेंबाला न शिवलेली माणसं आमच्या गावात आहेत, नाकारत नाही. पण माळ म्हणजे जन्माचा शब्द. एकादशी, हरिपाठ, वारी, मांस-मद्य कायमचं वर्ज्य. मीटिंगमध्ये शिकलो ते नेमकं उलटं: फक्त आजचा दिवस. आयुष्यभराच्या शपथा तर आम्ही सगळ्यांनीच पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतल्यात, त्यांचं काय झालं ते बायकांना विचारा. पाय घसरला तर मीटिंगमध्ये परत खुर्ची मिळते. माळ घालून प्यायलेल्या मुलाकडे वडील कसे बघतील? आणि शरमेपायी माणूस आणखी पितो, हे केंद्रात पुष्कळ पाहिलंय.

अडचण श्रद्धेची नाही हो. गावी गेलो की वडिलांशेजारी टाळ घेऊन हरिपाठाला उभा राहतो, तेव्हा डोकं गप्प होतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकट्यानं ते जमत नाही.

माळ आणि 'फक्त आजचा दिवस' हे दोन्ही सांभाळणारं कुणी आहे का इथे? शिवाय एकानं इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर सुचवलंय. आत्ता जावं का?

प्रतिसाद १
डोळे मिटायची सक्ती कुणी केलीय? उघडे ठेवा, चालत नामस्मरण करा, पावलं मोजा. तलफ चढते, थोडा वेळ टिकते आणि उतरते, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ तिच्याशी भांडू नका, छातीत होतंय की घशात एवढंच बघा. आणि बसण्याआधी काहीतरी खा. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी एक तरी संध्याकाळी हजर असतंच.
शिबिराचं म्हणाल तर अर्जात व्यसन आणि चालू औषधं विचारतात, लपवू नका. दहा दिवस मौन आणि फोन जमा, म्हणजे स्पॉन्सरशी (एएमधला तुमचा जुना-जाणता सोबती) बोलणंही बंद. डॉक्टर हो म्हणाले तरच जा. साधना जमायला लागली म्हणून गोळ्या आपल्या मनानं सोडू नका, हे विशेष.

प्रतिसाद २
मी दोन्ही सांभाळतो. मीटिंगा आधी, माळ बऱ्याच वर्षांनी. ज्या महाराजांच्या हातून घ्यायची होती त्यांना दारूचं सगळं आधी सांगितलं. ते म्हणाले, "हरिपाठ आजपासून धर. माळेची घाई पांडुरंगाला नाही, तुझ्या घरच्यांना आहे." आता सकाळी माळेला हात लावून आजच्यापुरतंच मागतो. माळ जन्माची असली तरी पाळायची रोजचीच.
वडिलांना सरळ नाही म्हणू नका. यंदा फलटण ते बरड त्यांच्याबरोबर चाला. तुमची भीती त्यांना वाटेत सांगा, मीटिंगमध्ये सांगता तशी. घरात समोरासमोर बसून हे बोलणं अवघड जातं.
रोज साडेसातला त्यांना फोन लावून स्पीकरवर हरिपाठ का नाही म्हणत?

धागाकर्ता
दोघांचेही आभार. शिबिर सध्या नको. फोनचं सुचलंच नव्हतं, वडिलांना आज विचारतो. टाळ वाजवले तर खालच्या मजल्यावरचे वर येतील, नुसती टाळी चालेल ना?

प्रतिसाद २
चालते की.