मराठवाड्यात आधी काय करायचं: शक्तिपीठ की पोटचाऱ्या?

शेपटाचा शेतकरी
शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये २० हजार कोटी मंजूर केले. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, तेव्हाच्या आखणीत सुमारे ८०० किलोमीटर, १२ जिल्हे आणि एकूण खर्च ८० हजार कोटींच्या पुढे.

माझं रान एका मोठ्या धरणाच्या कालव्यावर, अगदी शेपटाला आहे. सातबाऱ्यावर ओलीत, प्रत्यक्षात कोरडवाहू. पोटचारीचं, म्हणजे कालव्यातून रानापर्यंत पाणी आणणाऱ्या छोट्या चारीचं, अस्तर उखडलंय, दोन ठिकाणी मोऱ्या खचल्यात. वरच्या गावांत पाणी उसात मुरतं आणि आमच्याकडे येते ती पाणीपट्टीची नोटीस. धरण बांधलं, कालवा खणला आणि शेवटच्या चार किलोमीटरला पैसे संपले! दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातल्या मागे पडलेल्या भागांचा ३ हजार १८६ कोटींचा विकासाचा अनुशेष मोजला होता. त्यानंतर अनुशेष मोजायच्या समित्यांचाच अनुशेष भरून निघाला.

माझं म्हणणं एवढंच: आधी पोटचाऱ्या, मग गोदामं, मग रस्ता. नवा दगड बसवायच्या आधी जुनं काम पुरं करा.

लातूरकर परगावी
साफ असहमत. रस्ता की पाणी, असं भांडण लावून द्यायला मुंबईला आवडतंच, आपण कशाला लावायचं? अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! या तीस वर्षांत बीडची पोरं पुण्याला कशाला गेली? चारी फुटली म्हणून नव्हे, इथे कारखाना यायला वाट नव्हती म्हणून. संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटाने २०२४ मध्ये करार केला तो काय दुष्काळ पाहून?

शक्तिपीठाला कोल्हापूरकरांचा विरोध मला कळतो, त्यांची बारमाही बागायत जातेय. आपण त्यांची री का ओढायची?

बालाघाटी
@लातूरकर, वाट आली म्हणजे कारखाना येतोच का? समृद्धीवर चढायला ठरावीक ठिकाणीच जागा आहे. मधल्या गावांना तो पुलाखालून बघायचा रस्ता. त्याच्या कडेला कृषी समृद्धी नवनगरं होणार होती. ७०१ किलोमीटर रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. नवनगरं त्या वेगाने उभी राहिली का? जालन्याकडचं कुणी असेल तर सांगा.

आणि संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकांचं काय? २०१६ ला झाली, २०२३ ला झाली. दोन्ही वेळा ४० हजार कोटींच्या वरचे आकडे. आमच्याकडे आता पॅकेज म्हटलं की म्हातारी माणसं बिस्किटाचा पुडा समजतात.

कोयत्याची लेक
सगळे जमीनवाले बोलतायत म्हणून लिहिते. माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची आगाऊ उचल, दिवाळीनंतर ट्रॅक्टर. शाळेत माझं नाव असायचं, मी नसायचे. पोटचारी दुरुस्त झाली तर आम्हाला काय? आम्हाला रानच दीड एकर, तेही डोंगरउतारावर.

लाडक्या बहिणीचे १५०० रुपये येतात तेव्हा इथले विद्वान फुकट्या योजना म्हणतात. माझ्या आईने पहिल्यांदा किराणा रोखीने भरला, उचलीतून नाही. पण गावात थांबावं असं काही त्या पैशाने उभं राहिलेलं नाही, हेही खरं. मुलांसाठी वसतिगृह ऑक्टोबरला सुरू हवं. डिसेंबरात उघडलं तर पोर तोवर उसाच्या फडात पोचलेलं असतं. याला २० हजार कोटी लागत नाहीत.

मोंढ्यातला
व्यापारी आहे, शिव्या खायची सवय आहे. धागाकर्त्याला एक विचारतो: उद्या शेपटाला पाणी आलं तर काय लावणार? ऊसच ना?

उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे. कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे, उशिरा का होईना वसूल करायला कायद्याचा आधार आहे. सोयाबीनला काय आहे? २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये, आणि ऐन हंगामात मोंढ्यात, म्हणजे बाजारात, सौदे त्याच्या कितीतरी खाली. सरकारी खरेदी केंद्राला १२ टक्के ओलावा हवा, परतीच्या पावसात भिजलेला माल तिथं बसतो कुठे! मर्यादा १५ टक्के केली ती नोव्हेंबर २०२४ च्या मध्यावर, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना. तोवर अडलेल्याने माल विकून टाकला होता. मीच घेतला, लपवत नाही.

शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. गोदामात माल ठेवा, ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्या, ६ टक्के व्याज. पण बाजार समितीकडे गोदाम पाहिजे, कोरडं पाहिजे आणि शेतकऱ्याला सांगणारा माणूस पाहिजे. आम्ही कशाला सांगू?

लातूरकर परगावी
मोंढ्यातला यांचं पटलं, तरी माल न्यायला रस्ता लागतोच की.

बालाघाटी
गावापासून मोंढ्यापर्यंतचा लागतो. गोव्यापर्यंतचा नाही.

शेपटाचा शेतकरी
@मोंढ्यातला, खोटं कशाला बोलू, गेल्या खेपेला थोडं पाणी आलं तेव्हा एक एकर ऊस लावलाच होता. म्हणजे वरच्या गावाला मी ज्या शिव्या देतो त्या मलाही लागू. तेव्हा क्रम बदलतो: आधी गोदाम आणि वेळेवर खरेदी, मग पोटचारी. नुसती चारी दुरुस्त केली तर ऊस दोन किलोमीटर खाली सरकेल, बाकी काही होणार नाही.

@कोयत्याची लेक, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. फडाला माणूस लागतो म्हणून तुमच्या घरचं पोर जातं, आणि त्या फडात माझाही एक एकर होता.

शक्तिपीठाला मात्र माझा विरोध कायम. मोजणीवाले शेजारच्या शिवारात येऊन गेले. चारी बघायला अजून कुणी आलेलं नाही.

कोयत्याची लेक
एकरी किती कोयते लागले होते तुमच्या फडाला? आणि त्यांची पोरं कुठे बसायची?