स्लो कुकर आणि रोजचं जेवण : तुमचे अनुभव लिहा

सांजवात

आज माळा आवरताना चादरीत गुंडाळलेला जुना स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) हाती लागला आणि मी तिथेच खाली बसले. बाबा अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी हा रोज चालू असायचा. रात्री आवराआवर झाली की भाज्या चिरून डब्यात, डाळ धुवून वेगळी. सकाळी साडेसहाला सगळं भांड्यात घालायचं, बटण लोवर फिरवायचं आणि मी बाहेर. दुपारी अडीचला दार उघडलं की वास यायचा. वाटायचं, कुणीतरी माझ्यासाठी जेवण करून ठेवलंय. करणारी मीच होते, पण दुपारपर्यंत ते विसरलेलं असायचं.

शेवटी शेवटी बाबांना चावणं जमेना. तेव्हा गाजर, भोपळा, मूठभर तांदूळ आणि मूगडाळ एकत्र आठ तास ठेवायची. चमच्याच्या पाठीने दाबलं की एकजीव. मिक्सरमधून काढलेलं त्यांना अजिबात आवडायचं नाही, हे मात्र वाटीभर खायचे.

ते गेल्यावर मी कुकर बांधून ठेवला, तो आज सोडला. पुन्हा रोजच्या वापरात काढायचाय, पण हात विसरलाय. तुम्ही काय काय करता, काय जमलं, काय बिघडलं, सगळं लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

रात्रपाळी

झाकण उघडू नका. दर वेळी वाफ जाते आणि परत तेवढं तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. सासूबाई पहिल्यांदा दर तासाला उघडून बघत होत्या, सातचं जेवण नऊला झालं. आता त्या काचेवर टिचकी मारतात. थेंब खाली पडतात, आतलं दिसतं, त्यांचं समाधान होतं.

बाबांचं वाचून गलबललं. बाकी नंतर लिहिते, डबे भरायचेत.

काटकोन

लो आणि हाय याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो म्हणून लिहितो. बहुतेक कुकरांत दोन्हींचं शेवटचं तापमान जवळपास सारखंच, उकळीच्या थोडं खाली. फरक आहे तो तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळात. हायवर तीन-चार तास, लोवर सात-आठ. वॉर्म फक्त शिजलेलं गरम ठेवायला, त्यावर काही शिजवायचं नाही.

तापणारी तार भांड्याच्या बाजूंनी असते. त्यामुळे भांडं निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भरलेलं हवं. तळाशी दोन वाट्या घातल्या तर कडा करपतात, काठोकाठ भरलं तर मधलं कच्चं राहतं. गाजर, बटाटे, बीट अशी कंदमुळं तळाशी आणि कडेला लावा, मांस त्यांच्यावर. उलटं वाटेल, पण या भाज्यांना मांसापेक्षा जास्त वेळ लागतो.

विजेचं विचारतील म्हणून तेही लिहून टाकतो. माझा २०० वॉटचा आहे. आठ तास सलग पूर्ण ताकदीने चालला असं धरलं तरी १.६ युनिट.

मुंगी

आमची मांजर कुकरला पाठ टेकून झोपते. स्वयंपाक झाल्यावर बटण बंद केलं की उठून माझ्याकडे बघत बसते. विषयाला सोडून आहे, पण लिहावंसं वाटलं.

दोन चमचे

राजमा! कृपया सगळ्यांनी हे वाचा.

रात्री भिजवला, सकाळी पाण्यासकट थेट स्लो कुकरमध्ये, लोवर. संध्याकाळी जेवलो आणि दोन तासांत घरातले तिघंही उलट्यांनी बेजार. धाकटा सहा वर्षांचा होता. ती रात्र मी अजून विसरले नाही. मला वाटलं होतं पाणी खराब असेल.

मग डॉक्टरांनी समजावलं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. खळखळून उकळलं तर ते नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास नुसतं कोमट-गरम होत राहिलं तर कच्च्यापेक्षाही पाचपट वाढू शकतं. म्हणजे स्लो कुकरची जी खुबी, तीच इथे नडते. दाणा मऊ लागतो, म्हणून शंकाही येत नाही.

आता किमान पाच तास भिजवते, ते पाणी फेकते, नव्या पाण्यात गॅसवर खदखदा उकळते. दहा मिनिटं पुरतात असंही सांगतात, पण अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ३० मिनिटं सांगतं, मी घड्याळ लावून तीसच करते. त्यानंतरच स्लो कुकर. पांढऱ्या राजम्यालाही हेच.

सांजवात

बापरे! हे माहीतच नव्हतं हो. मी मूग-मसूरच घालायचे, नाहीतर बाबांच्या त्या अवस्थेत... नको तो विचार. ताई, धाकटा बरा झाला ना लगेच?

दोन चमचे

हो गं, दुसऱ्या दिवशी दुपारी उड्या मारत होता. आता दहावीला आहे. राजमा समोर आला की आधी "उकळलास का?" विचारतो.

निळी छत्री

छोल्यांचा माझा प्रश्न. अकरा तास ठेवले तरी कचकचीत! दोनदा झालं. भिजवले होते नीट.

रात्रपाळी

टोमॅटो आधी घातलेस का?

निळी छत्री

हो, सगळं एकदमच घालते. तेच तर सुख आहे ना याचं.

रात्रपाळी

तिथेच चुकतंय. आंबट काहीही असलं की कडधान्याचं साल लवकर मऊ होत नाही. टोमॅटो, चिंच, लिंबू सगळं दाणा बोटाने दाबला जाईल तेव्हाच घाल, शेवटच्या तासाला. पाणी जड असेल तरी तसंच होतं, चिमूटभर खायचा सोडा भिजवताना टाकून बघ.

डबे भरून झाले, आता बसून लिहिते. पाणी कमी घालायचं हे मला फार उशिरा कळलं. यातून वाफ फारशी बाहेर जातच नाही, झाकणाला लागून परत खाली पडते. गॅसवर तीन वाट्या घालत असाल तर इथे दोन, कधी दीडच. माझा पहिला महिनाभर सगळा रस्सा पाणचट झाला होता. तरी पातळ वाटलाच तर शेवटी अर्धा तास झाकण तिरकं ठेवून हायवर. आणि दालचिनी, लवंग अख्खी घालत असाल तर निम्मी घाला, आठ तासांत फार उतरते. वाटलेल्या मसाल्यांचं उलट, सकाळी घातले तर संध्याकाळी वासही उरत नाही, ते शेवटी.

शेवटची बस

एकटा राहतो, घरी यायला रात्रीचे साडेनऊ होतात. स्लो कुकर नसता तर मी रोज ब्रेड खाल्ला असता.

माझा अनुभव मटणाचा. खाटीक जे तुकडे स्वस्तात देतो, पायाकडचे, मानेचे, चिवट, ते यात सगळ्यात छान होतात. त्यात जी चामट जाळी असते (कोलॅजन) तिचं मंद आचेवर तासन्‌तास राहून जिलेटिन होतं, आणि रस्सा असा दाट होतो की ओठाला ओठ चिकटतात. महागाचे मऊ तुकडे घातलेत तर चोथा होतो. छातीचं चिकन तर मी घालतच नाही.

पण आधी कढईत परतून घ्या. तो खरपूस रंग आणि वास या तापमानाला येत नाही. थेट घातलं तर शिजतं, दिसतं मात्र उकडलेल्या कापडासारखं. मी रविवारी सगळं परतून पिशव्या भरून ठेवायचो.

इथे एक चूक केली. फ्रीझरमधला दगडासारखा गोळा तसाच टाकून कामावर गेलो. ४ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, आणि गोठलेलं मांस या मंद उष्णतेत तिथे तासन्‌तास रेंगाळतं. त्या दिवशी मी आजारी पडलो नाही, पण वाचल्यावर घाम फुटला. आता आदल्या रात्री पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवतो, सकाळी पूर्ण सुटलेली असते.

निळी छत्री

आणि वीज गेली तर? आमच्याकडे जाते अधूनमधून.

काटकोन

तुम्ही घरी असाल तर लगेच गॅसवर घेऊन पूर्ण शिजवा. बाहेर असाल आणि वीज किती वेळ गेली होती ते माहीत नसेल तर टाकून द्या, परत आली असली आणि वरून गरम लागत असलं तरी. जिवावर येतं, मलाही आलं होतं.

उरलेलं गरम करायलाही हा कुकर नाही. तेही गॅसवर.

पाऊलखुणा

सांजवातताई, तुमचं वाचून एक सांगावंसं वाटलं. या भांड्यामागेही आईची एक आठवण आहे. अर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकी संशोधकाची आई मूळची लिथुआनियातल्या विल्नाची. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळी कडधान्य, बटाटे, मांसाचं भांडं बेकरीत नेऊन द्यायचं. भट्टी विझत जायची आणि त्या उरलेल्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. त्याला चोलंट म्हणतात. ही गोष्ट मुलाने आईकडून ऐकलेली. त्याने १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळालं. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' नावाने हे बाजारात आणलं. तोवर हे भांडं मुख्यतः कडधान्यं शिजवण्यापुरतंच ओळखलं जायचं.

म्हणजे आई नसताना आईसारखं शिजवून ठेवणारं भांडं तुम्हाला वाटलं, ते उगाच नाही.

मुंगी

पाऊलखुणा, डोळ्यांत पाणी आलं राव.

माझं भांडं गरम असताना मी थंड पाणी ओतलं, टक्‌कन आवाज आणि वरपासून खालपर्यंत तडा. चिनी मातीला असा धक्का सोसत नाही. आता त्यात कोरफड लावलीय, छान वाढलीय. फ्रिजमधून काढलेलं गार भांडंही थेट तापल्या कुकरात ठेवू नका.

निळी छत्री

कोरफडीला खाली भोक लागतं ना? कसं पाडलंस?

मुंगी

तड्यातून झिरपतं पाणी :)

आठवडी बाजार

कांदा कुणी लिहिलाच नाही! दीड किलो कांदा उभा चिरून, थोडं तेल, मीठ, लोवर नऊ-दहा तास, शेवटी झाकण तिरकं. गडद तपकिरी, गोड. छोट्या डब्यांत गोठवते, महिनाभर कुठल्याही रश्श्यात एक डबा.

दूध-मलई मात्र शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फाटतं. पास्ता आणि मोकळा भात यात करूच नये असं माझं ठाम मत आहे, नुसता गिचका होतो. आणि ज्यांच्याकडे प्रेशरचा बहुउपयोगी कुकर आहे त्यांनी त्यातल्या स्लो कुकच्या बटणावर तेवढाच वेळ धरू नये. त्याला उष्णता फक्त तळातून मिळते. माझं सूप सहा तासांनी जेमतेम कोमट होतं.

सांजवात

किती लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. पाऊलखुणा, तुमचं आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही.

एक विचारायचं राहिलं. इतकी वर्षं पडून होता, वापरू ना? झाकणाला कडेला छोटा टवकाही आहे.

काटकोन

आधी वायर वाकवून बघा, कुठे तडकली असेल तर दुरुस्त केल्याशिवाय लावू नका. मग भांडं निम्मं पाण्याने भरा, लोवर आठ तास ठेवा आणि झाकण काढल्या काढल्या तापमान मोजा. ८५ अंशांच्या वर असेल तर कुकर ठीक आहे. कमी असेल तर पुरेसा तापत नाही, त्यात अन्न शिजवू नका. टवका गेलेलं काचेचं झाकण वापरू नका, तापल्यावर फुटू शकतं. घट्ट बसणारं स्टीलचं झाकण चालेल.

सांजवात

वायर ठीक होती. काल सकाळी पाणी ठेवलं, दुपारी मोजलं, ९१. पातेल्याचं झाकण चपखल बसलं. आत्ता गाजर आणि भोपळा चिरून डब्यात भरलाय, मूगडाळ सकाळी धुवेन. आई म्हणाली, तांदूळ मूठभरच घाल, त्यांना जास्त आवडायचा नाही.