मदत हवी आहे: पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन हा पॉलिमर) नॅनोफायबरमधून औषध पहिल्या काही तासांतच सुटतंय

जखमेवरच्या ड्रेसिंगसाठी इलेक्ट्रोस्पिनिंग (उच्च विद्युतदाबाने पॉलिमरच्या द्रावणातून बारीक धागे ओढणं) चालू आहे. पीसीएल (रेणुभार 80,000) 12 टक्के, द्रावक क्लोरोफॉर्म-डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) 7:3, औषध सिप्रोफ्लॉक्सासिन हायड्रोक्लोराइड (प्रतिजैविक), पॉलिमरच्या वजनाच्या 5 टक्के. सुई 21 गेज, 15 किलोव्होल्ट, ताशी 1 मिली, कलेक्टर 15 सेंमीवर. धागे सलग, मणी (धाग्यावरच्या गाठी) नाहीत. पण 37 अंशांच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर सलाइनमध्ये) निम्म्याहून जास्त औषध लगेच बाहेर पडतं, मग आलेख सपाट.

संशय औषधाच्या क्षाररूपावर, म्हणजे हायड्रोक्लोराइडवर आहे. हायड्रोक्लोराइड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही, द्रावण गढूळच राहतं. द्रावक उडताना औषधाचे स्फटिक धाग्याच्या पृष्ठभागावर बसतात. एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) ते दिसतातही. त्यात पावसाळ्यात आर्द्रता 60 टक्क्यांवर गेली की धाग्यांना छिद्रं पडतात, म्हणजे पाण्याला आयतं दार! आर्द्रता डीह्युमिडिफायरने 40 पर्यंत उतरवता येईल, पण क्षाराचं काय?

कोएक्सियल सुई घ्यावी (एकात एक बसवलेल्या दोन नळ्या; आत पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये औषध, बाहेर पीसीएल), की फॉर्मिक-अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या मिश्रणात दोन्ही एकत्र विरघळवावं? अ‍ॅसिडमध्ये पीसीएलच्या साखळ्या तुटून द्रावणाचा दाटपणा हळूहळू कमी होतो, म्हणून कल कोएक्सियलकडे आहे. त्यात आतल्या आणि बाहेरच्या प्रवाहाचं प्रमाण किती ठेवता? आतला प्रवाह वाढला की आवरण फुटतं का? पीसीएलऐवजी पीएलजीए हा पॉलिमर कृपया सुचवू नका, बजेटबाहेर आहे.