बाबांची बरसी सांगलीत घरीच: कद्दीशच्या जागी मराठी प्रार्थना चालेल का?

कृष्णाकाठ: शालोम. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. बाबांचं नाव दाविद. पहिली बरसी सांगलीला घरीच करायची आहे. मिन्यान (सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) जमणार नाही, आम्ही पाचच जण. नवी मराठी प्रार्थना लिहून वाचली तर चालते का? कद्दीश, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ म्हणतात ती प्रार्थना, घरी म्हणावी का? आणि तारीख कोणती धरायची?

रास्तापेठ_वाचक: कद्दीश घरी नको. तिला दहा प्रौढ पुरुष लागतात, कारण ती देवाच्या नावाची जाहीर स्तुती आहे आणि ऐकणाऱ्यांनी ‘आमेन’ म्हणायचं असतं. तिच्यात मृत्यूचा शब्दसुद्धा नाही. पुण्यात रास्ता पेठेतल्या सुक्काथ शेलोमो सिनेगॉगमध्ये (आपल्या प्रार्थनामंदिरात) आधी विचारा. मिन्यान कधी जमतं ते कळलं की त्या दिवशी जाऊन म्हणता येईल.

घरी ११९वं स्तोत्र वाचा. त्यात २२ हिब्रू अक्षरांचे प्रत्येकी ८ श्लोक, म्हणून एकूण १७६. नावाच्या अक्षरांप्रमाणे वाचायचं. दाविद हिब्रूत दालेत-वाव-दालेत, म्हणजे श्लोक २५ ते ३२, मग ४१ ते ४८, मग पुन्हा २५ ते ३२. शेवटी ‘नेशामा’, म्हणजे आत्मा, या शब्दाची अक्षरं: नून १०५–११२, शीन १६१–१६८, मेम ९७–१०४, हे ३३–४०. मराठी बायबलातल्या स्तोत्रसंहितेत हाच क्रमांक सापडतो.

पंचांगवाला: तारीख हिब्रू धरा. वार सूर्यास्ताला बदलतो, म्हणून मृत्यू रात्री आठला झाला असेल तर पुढची हिब्रू तारीख लागते. घोळ नेहमी इथेच होतो. अगदी तिन्हीसांजेची वेळ असेल तर हझानांना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारा. मृत्यू साध्या वर्षीच्या अदार या हिब्रू महिन्यात झाला आणि बरसी अधिक महिन्याच्या, म्हणजे दोन अदारांच्या वर्षी आली (हिब्रू वर्ष ५७८७ तसं आहे), तर सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीने दुसरा अदार धरतात.

बरसीचा दिवा आदल्या संध्याकाळी लावायचा आणि तो पुढच्या सूर्यास्तापर्यंत टिकायला हवा. तेलाचा असेल तर तोच ग्लास, तीच वात घेऊन आधी एक दिवस पूर्ण जाळून पाहा. मध्यरात्री विझण्याचं कारण बहुतेक वेळा पंख्याचा वारा किंवा आखूड वात. खाली धातूचं ताट ठेवा. ती संध्याकाळ शुक्रवारची आली तर हा दिवा शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रामदिनाच्या) दिव्यांआधी लावा.

ओवीकर: नवी प्रार्थना जरूर लिहा. देवाची विनवणी कोणत्याही भाषेत करता येते, आणि आपल्याकडे मराठी कीर्तनांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. फक्त ‘बारुख अता अदोनाय’ने (‘हे प्रभू, तू धन्य आहेस’) सुरुवात करू नका. तो साचा ठरलेल्या बेराखांसाठी (आशीर्वचनांसाठी) आहे, नव्या मजकुराला लावला तर देवाचं नाव व्यर्थ घेतल्यासारखं होतं. हिब्रू अक्षरांत देवाचं नाव लिहिलेला कागदही रद्दीत टाकायचा नसतो, तेव्हा मराठीत ‘प्रभू’ लिहा.

दुसरी चूक आपल्या भाषेमुळेच होते. हात आपोआप ‘बाबा, तुमची कृपा असू द्या’ असं लिहितो. मागणं देवाकडेच, बाबांचं फक्त स्मरण. फोटोला हार, आरतीही नको.

छंद मोठ्या अभंगाचा घ्या: ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. पियुतांत (हिब्रू प्रार्थनागीतांत) ओळींच्या आद्याक्षरांत नाव गुंफतात, तसं ‘दा’ आणि ‘वि’ करून दाखवतो:

दारी संध्याकाळ, दिवा ठेवियेला,
दिस सुरू झाला, आठवाचा.

विश्वाचिया राया, तूच देता घेता,
तूच सांभाळिता, जीव त्याचा.

‘द’चं कडवं तुम्हीच लिहा, त्यात बाबांचं एखादं खरं काम घाला. ‘देवमाणूस होते’ असं मोघम नको.

कृष्णाकाठ: मलिदा पण करावा का?

रास्तापेठ_वाचक: मलिदा मुख्यतः आभाराचा, नवसाचा. बरसीसाठी मी सुचवणार नाही. तो घर झाल्यावर, बाळाच्या वेळी करा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं. नवसाला जायचं झालं तर खंडाळं अलिबागजवळचं, आपल्या सातारा जिल्ह्यातलं नव्हे.

पंचांगवाला: मृत्यूची इंग्रजी तारीख आणि वेळ इथे टाका, हिब्रू तारीख काढून देतो.