सोलापुरात निवांत दोन-तीन दिवस : कधी आलात, कुठं उतरलात?

माझी आतेबहीण कुटुंबासह सोलापूरला यायचं म्हणतेय. देवदर्शनाच्या वाटेवर थांबायला नव्हे, सोलापूरसाठीच. मला याचं फार अप्रूप वाटलं. एरवी लोक इथं रात्री उतरतात, पहाटे अंघोळी उरकून तुळजापूर-अक्कलकोट गाठतात, येताना चादरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतात आणि गाडीत बसतात. शहर बघायचं राहूनच जातं.

ती म्हणाली, "वसंतात येतो, हवा छान असेल." इथंच मला काळजी लागली. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, आणि त्या दिवसांत इथं पारा चाळिशीला टेकलेला असतो. आमच्या अंगाला कळणारा वसंत त्याआधीचा. संक्रांतीला भरलेला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठला, थंडी मोडली, की तिथून होळीपर्यंत. फेब्रुवारीत दुपार साधारण 33-34 अंशांची, पण पहाटे अंगावर चादर लागते. मार्चमध्ये दुपार 37 च्या घरात जाते, तरी हवा कोरडी असल्यानं सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात वारा गार होतो. सकाळ आणि संध्याकाळ छानच असते, प्रश्न असतो बारा ते पाचचा. तेवढा वेळ माणूस खोलीतच असणार, म्हणून खोली दुपार डोळ्यांपुढे ठेवून निवडावी असं मला वाटतं. आमच्या घरात सहा जणांची सोय होणार नाही, तेव्हा हॉटेलच बघायचंय. तुमचे अनुभव लिहा. चुकलेले आधी.

बाळीवेशीत वाढले, आता ठाण्यात

चुकलेले आधी म्हणालात म्हणून लिहिते. आई गेल्यावर घर विकलं, त्यानंतर पहिल्यांदाच माहेरच्या गावात हॉटेलात उतरले. मार्चचा दुसरा आठवडा होता. मीच हौसेनं सगळ्यात वरचा मजला मागितला, मुलींना खिडकीतून सिद्धेश्वराचं तळं दिसावं म्हणून. तळं दिसलं. पण खिडकी पश्चिमेची आणि डोक्यावर उघडा स्लॅब. तीन वाजल्यापासून भिंतीला हात लावला की चटका बसायचा. एसी अठरावर ठेवला तरी खोली निवेना, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत धग खाली सोडत राहतो. धाकटीचा घोळणा फुटला. रात्रभर मी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून बसले होते.

सकाळी काउंटरवर सांगून दुसऱ्या मजल्यावरची उत्तरेची खोली घेतली. भाडं तेवढंच. तिथून दिसत होती फक्त शेजारच्या इमारतीची भिंत, पण दुपारी दोघी मुली गाढ झोपल्या. लहानपणी आमचं घर माळवदाचं होतं. दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती, वर मातीचंच छत. मे महिन्यातही आजी जेवणं झाली की जमिनीवर पदर टाकून आडवी व्हायची, पंखा न लावता. अशा घरात वाढूनही मी खोली घेताना देखावा पाहिला, ऊन कुठून येणार ते पाहिलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. आता कुठंही गेले तरी फोनवर आधी विचारते, खिडकी कुठल्या दिशेला आणि खोलीच्या वर आणखी मजला आहे का.

पुण्याहून, दोघंही निवृत्त

आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस सात रस्त्याजवळ चार रात्री राहिलो. हुतात्मा एक्स्प्रेसनं आलो. गाडीला ज्यांच्यामुळे हे नाव मिळालं त्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. आमचं घर येरवड्याच्या तुरुंगापासून जवळ आहे. चौकातल्या त्या चार पुतळ्यांपुढे उभं राहिल्यावर हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिवसाचं वेळापत्रक आपोआप बसत गेलं. सकाळी साडेसहाला सिद्धेश्वर. पाण्याच्या मधोमध देऊळ आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी, तिथून पाय निघत नाही. एका सकाळी भैया चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक पाहिलं. 1938 साली चीनला गेलेला हा डॉक्टर 1942 मध्ये तिथंच वारला, हे शाळेत वाचलं होतं. जन्माचं घर पाहताना ते वेगळंच वाटतं. पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही बाहेर पडलो तेव्हा रिक्षावाल्यानंच विचारलं, "इतक्या उन्हात कुठं निघालाव काका? संध्याकाळी चला की!" त्याचं ऐकलं, आणि पुढचे तिन्ही दिवस कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही असं जेवून पडदे ओढून झोपलो. संध्याकाळी कंबर तलाव. ठरवलेल्यातलं निम्मंच पाहून झालं, पण हुरहुर लागली नाही.

लातूरहून

हवा बघितली, तिथी बघितली नाही. 2025 चा पाडवा 30 मार्चला होता, रविवार, म्हणून जोडून आलो. दुसऱ्या दिवशी चैत्र शुद्ध द्वितीया, म्हणजे स्वामी समर्थांचा प्रकटदिन! अक्कलकोट इथून चाळीसेक किलोमीटर, तिथं जागा मिळाली नाही की मंडळी सोलापुरात मुक्काम करतात. वृद्ध वडिलांना घेऊन पाच लॉज हिंडलो. शेवटी मिळालेली खोली स्वच्छ होती, पण लिफ्ट नव्हती आणि वडिलांना तीन जिने चढवावे लागले. चैत्री एकादशी पंढरपूरची, चैत्री पौर्णिमा तुळजापूरची, तीही गर्दी जवळपास असते. भिंतीवरचं कालनिर्णय उघडूनच तारखा ठरवा.

इथल्याच एका लॉजवर काउंटर सांभाळतो

चार गोष्टी माझ्याकडून. चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं, हे आधी विचारा. मुंबईहून वंदे भारतनं रात्री साडेदहा-अकराला पोचणाऱ्याला बाराचं चेकआउट महागात पडतं. दुसरं पाण्याचं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मधे काही दिवस जातात. म्हणून बोअर आहे का, टाकी मोठी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आम्हाला राग येत नाही. खाली मंगल कार्यालय असेल तर लग्नाच्या तारखांना दुपारी झोप मिळणार नाही, हे पक्कं. आणि स्टेशनसमोरची खोली गाडी पकडायला चांगली, निवांत राहायला नाही. घरच्यांना घेऊन येताय तर होटगी रोड किंवा विजापूर रोडकडे बघा, थोडं लांब पडेल पण रात्री शांत.

पक्ष्यांच्या मागे हिंडणारा

नान्नजला माळढोक दिसेल या आशेवर येऊ नका, तो आता फारच दुर्मीळ झालाय आणि याचं दुःख माझ्यासारख्यांना आयुष्यभर पुरेल. पण त्या माळरानावर फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात काळविटांचे कळप पाहणं हाही मोठा आनंद आहे. शहरापासून वीसेक किलोमीटर, पहाटे निघून दहाच्या आत परत. परतताना द्राक्षं घ्या. 'सोनाका' ही जात याच नान्नजची. एवढ्या लांब जायचं नसेल तर विजापूर रोडचं सिद्धेश्वर वनविहार आहे. मार्चमध्ये एखाद्या संध्याकाळी अवकाळी गाठतो, कधी गारांसकट, तेव्हा आभाळ भरलं तर माळावर थांबू नका.

पुन्हा मीच

सगळ्यांचे मनापासून आभार. बाळीवेशीच्या ताई, तुमचं वाचून मी काल संध्याकाळी चारला स्वतः तीन हॉटेलं पाहून आले, मुद्दाम त्या वेळी, आणि प्रत्येक ठिकाणी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला. विजापूर रोडला मधल्या मजल्यावरच्या उत्तरेच्या दोन खोल्या मिळाल्यात, चेकआउट चोवीस तासांचं, लिफ्ट आहे, बोअर आहे. शिवरात्र झाल्यावरच्या तीन रात्री धरल्या. दुपारची जेवणं मात्र आमच्याच घरी, आत्या त्याशिवाय ऐकणारच नाही. पहिल्या सकाळी साडेसहाला सगळ्यांना तळ्यावर नेणार आहे, शेंगा पोळ्या आदल्या रात्रीच करून ठेवते.